दिवसाची वीज आणि तिचा हिशेब

सूर्यप्रकाशापासून होणारी वीज स्वस्त झाली आहे, याविषयी आता कोणी वाद घालीत नाही. केंद्र सरकारने २०१० साली राष्ट्रीय सौर अभियान हाती घेतले त्या वेळी पहिल्या निविदांत एका युनिटचा भाव सरासरीने १२ रुपयांच्या आसपास निघाला होता. २०१७ च्या मे महिन्यात राजस्थानातील भडला येथील सौर प्रकल्पासाठी तोच भाव २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला. सात वर्षांत पाचव्या हिश्शावर आलेला हा भाव पाहून, गरीब देशाला स्वस्त आणि स्वच्छ वीज पुरविण्याचा प्रश्न सुटल्यातच जमा आहे, असा समज पुष्कळ सुशिक्षित माणसांनी करून घेतला आहे. परंतु वीज जेथे निर्माण होते तेथे तिला पडणारा भाव निराळा, आणि ज्याला ती हवी आहे त्याच्या मीटरपाशी, त्याला ती हवी असते त्याच घटकेस, पडणारा भाव निराळा. या दोहोंच्या दरम्यान तारा, रोहित्रे, करारमदार, अनुदाने, थकबाकी आणि रात्रीचा काळोख असे सर्व काही येते, आणि नियोजन म्हणून ज्याला म्हणतात ते या दरम्यानच्या मुलखातच करावयाचे असते.

हा मुलूख पायाखाली घातलेल्या दोन गृहस्थांचे संभाषण येथे देत आहे. एक जण वीज मंडळात कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्यानंतर काही वर्षांनी अधीक्षक अभियंता म्हणून निवृत्त झाले. दुसरे कृष्णाकाठच्या एका उपसा सिंचन संस्थेचे दीर्घकाळ अध्यक्ष राहिलेले, ज्यांना सारा तालुका आबा म्हणतो. दोघांचा एकमेकांवर लोभ आहे आणि विजेच्या विषयावर दोघांचे सहसा जमत नाही.

आबांनीच प्रारंभ केला. “साहेब, तुमच्या आराखड्यात मेगावॅट पुष्कळ असतात, पण घड्याळ कोठे दिसत नाही. आमच्या शेती फीडरला आठवड्यातले काही दिवस दिवसा वीज आणि काही दिवस रात्री, आणि तीही आठ तास. पौषातल्या थंडीत मध्यरात्री थ्री फेज येते. माणूस उसाच्या सरीत घोटाभर पाण्यात उभा राहून दारे धरतो. एका हातात खोरे, दुसऱ्या हातात बॅटरी. बांधावर घोणस बसली आहे की काटकी पडली आहे, हे पाऊल टाकण्यापूर्वी त्या उजेडात पाहावे लागते, आणि जुन्नर-आंबेगावाकडे तर उसात बिबट्या असतो. घरी बायको जागी असते. या जागरणाची किंमत तुमच्या युनिटच्या भावात कोठे धरली आहे ते मला एकदा दाखवा.”

“आणि रोहित्र का जळते तेही सांगा,” अभियंते म्हणाले.

“सांगतो. रात्री उठून पेटीपाशी जाणार कोण, म्हणून जो तो स्टार्टरला ऑटो बसवितो. वीज आली की एका डीपीवरच्या साऱ्या मोटारी एकाच क्षणी उचल घेतात, दाब कोसळतो, कोणाची मोटार जळून रिवाइंडिंगला जाते आणि कधी रोहित्रच बसते. मग वर्गणी गोळा करायची, ट्रॅक्टर काढायचा, रोहित्र उतरवून न्यायचे. आणि ते परत येईपर्यंत उभे पीक डोळ्यांदेखत वाळते. कॅपॅसिटर बसवा म्हणून तुमचे लोक सांगतात, ते खरेच आहे. पण ऑटो काढा म्हणून सांगण्याचा अधिकार रात्री वीज देणाऱ्याला उरत नाही.”

अभियंत्यांनी यातील एकही शब्द नाकारला नाही. मात्र ज्या कारणाने हे असे झाले ते कारण समजून घेतल्यावाचून त्यावरचा उपाय निघणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. “आबा, कोळशावरचा संच ही चूल नव्हे, की रात्री विझविली आणि सकाळी पेटविली. चंद्रपूरचा संच एका मर्यादेखाली उतरविता येत नाही. शहर झोपले, बाजार बंद झाला, की तेवढ्या विजेला गिऱ्हाईक लागते. ज्याच्या गरजेची वेळ बदलता येईल असे गिऱ्हाईक आमच्या दप्तरात एकच होते, ते म्हणजे शेतीपंप. आणि गावठाणाचा फीडर शेतीपासून वेगळा काढल्यावर तर ते अधिकच सोपे झाले. तुमच्या झोपेवर आम्ही राज्याचा तोल सांभाळला, हे मी कबूल करतो. पण आता सूर्याने दुपारी वीज स्वस्त केली आहे ना? मग राजस्थानच्या वाळवंटात, जेथे ऊन अधिक आणि जमीन ओसाड, तेथे दोन हजार मेगावॅटचे एकेक केंद्र उभारावे, जाड तारेने वीज येथे आणावी आणि दुपारी तुम्हाला द्यावी. गावोगाव दोन-दोन, पाच-पाच मेगावॅटची तबके मांडण्यात काय हशील? तेथे धूळ कोण पुसणार? केबल चोरीला गेली तर राखण कोणाची? आणि उपकेंद्रात बिघाड झाला की भर उन्हात तो प्रकल्प हात बांधून बसणार.”

येथे थोडे विषयांतर करणे अवश्य आहे. मोठ्या केंद्रातून दूरच्या गिऱ्हाइकाकडे वीज नेण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले ते मुंबईच्या गिरण्यांसाठी, आणि ज्या खेड्यांच्या माथ्यावरून त्या तारा गेल्या ती खेडी त्यानंतर कैक वर्षे कंदिलावरच राहिली. कोयनेचे धरण झाले. टप्प्याटप्प्याने १९६० मेगावॅटची क्षमता उभी राहिली, राज्याच्या उद्योगाला कणा मिळाला, आणि त्या पाण्याखाली ज्यांची घरे गेली त्यांच्या पुनर्वसनाच्या दरखास्ती पुढच्या पिढ्यांनाही कचेऱ्यांतून वाहाव्या लागल्या. गावाची वीज गावाजवळ व्हावी, हा आबांसारख्यांचा आग्रह कोणाला केवळ भावनेचा वाटला तरी त्याची मुळे या अनुभवात आहेत, आणि मला तो अनुभव क्षुल्लक वाटत नाही.

परंतु आबांनी भावनेचा आधार घेतला नाही. त्यांनी हिशेबच मांडला. “भडल्याची वीज भडल्यात स्वस्त. ती येथवर यायची म्हणजे वहनाचा आकार आला, वाटेतली गळती आली, आणि येथे आल्यावर पुन्हा एकेक पायरी उतरत ११ केव्हीच्या शेती फीडरवर यायचे. उलट उपकेंद्राच्या शेजारी पाच-दहा किलोमीटरच्या आत पाच मेगावॅटचे केंद्र बसविले, तर तेथली वीज त्याच उपकेंद्रातून त्याच फीडरवर जाते आणि तेथेच संपते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत असे भाव युनिटला तीन रुपयांच्या आसपास निघाले आहेत. एक मेगावॅट म्हणजे चार-पाच एकर जमीन आणि पाच अश्वशक्तीचे दोनशेच्या आसपास पंप. पंपाला वीज कधी हवी? दिवसा. सूर्य कधी असतो? दिवसा. या दोन गोष्टी ज्या एका ठिकाणी आपोआप जुळतात तेथून प्रारंभ करायचा सोडून आपण इतकी वर्षे दुसरीकडेच का हिंडत होतो?”

अभियंते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाची माणसे हाच हिशेब मांडीत आली, आणि तो बरोबर आहे हे मी नोकरीत असतानाही म्हणत होतो. शेतीच्या युनिटला खरा खर्च किती आणि वसुली किती, यांतली तूट दोघे भरतात: काही सरकार अनुदानाने, आणि काही कारखानदार व दुकानदार आपल्या चढ्या दराने. २००३ च्या वीज कायद्याने मोठ्या ग्राहकाला बाहेरून वीज घेण्याची वाट मोकळी झाली. आता तो स्वतःच्या छपरावर किंवा माळावर सौर वीज करतो आणि आमच्यातून निघून जातो. जो जातो तो आपल्या वाट्याचा बोजा मागे ठेवून जातो. शेतीची वीज मुळातच तीन रुपयांत पडू लागली, तर हा बोजा कोणावर लादण्यावाचूनच हलका होईल. एवढ्यापुरता मी तुमच्या पक्षाचा.”

सौर कृषी वाहिनी योजनेचा प्रारंभ २०१७ साली झाला, राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही तिची पहिली गावे. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली आणि पुढे तिचे लक्ष्य १६ हजार मेगावॅटपर्यंत नेण्यात आले. कल्पनेला राजमान्यता मिळाली की तिची परीक्षा संपली असे आपल्याकडे समजतात. वस्तुतः अंमलबजावणीची परीक्षा तेथून सुरू होते, आणि अभियंत्यांची खरी हरकत याच जागी होती.

“मी दाभोळ पाहिले आहे,” ते म्हणाले. “१९९२ साली बोलणी झाली, १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा चालू झाला, आणि २००१ मध्ये मंडळाला तो करार मोडावा लागला. यंत्रे चांगली होती, आणि राज्याला विजेची गरज नव्हती असेही नाही. पण वीज घेतली वा न घेतली तरी क्षमतेचे पैसे द्यावयाचे, तेही डॉलरच्या भावाला बांधलेले, आणि इंधन बाहेरून येणारे नाफ्था. गरजेचा अंदाज फुगविला आणि त्या फुगलेल्या अंदाजावर दीर्घ मुदतीची सही केली. आज हे सौर करार पंचवीस वर्षांचे आहेत. १६ हजार मेगावॅट म्हटले की माझ्या अंगावर जुना काटा येतो.”

“पण साहेब, येथे इंधन नाही, डॉलरचे कलम नाही. भाव रुपयात आणि पंचवीस वर्षे ठरलेला.”

“मान्य. तेवढा फरक मोठा आहे, आणि तो मी विसरणार नाही. परंतु श्रावणात तुमचे पंप बंद असतात. ऊन कमी असले तरी वीज थोडीबहुत होतेच, आणि करारान्वये ती घ्यावीच लागते. ती फीडरवर खपली नाही तर उलटी वर चढते. त्या उपकेंद्राचे रोहित्र, वरची ३३ केव्हीची वाहिनी, तेथील संरक्षक यंत्रणा ही सारी उलट्या प्रवाहाला सिद्ध आहेत काय? नसतील तर नव्या प्रकल्पाबरोबर जुन्या उपकेंद्रावरही खर्च करावा लागेल, आणि कोनशिलेच्या दिवशी त्या खर्चाचे नाव कोणी काढीत नाही. त्याच महिन्यांत साताऱ्याच्या पठारावर, चाळकेवाडी-वनकुसवड्याकडे, पवनचक्क्या जोरात फिरत असतात. दोन्ही विजा एकाच वेळी दारात उभ्या राहतात, आणि संध्याकाळी सात वाजता, म्हणजे घरोघर दिवे, टीव्ही आणि पंखे चालू होतात त्या वेळी, सूर्य मावळलेला असतो. त्या संध्याकाळचे काय?”

हा प्रश्न आला तेव्हा संभाषणाला निराळीच खोली प्राप्त झाली असे मला वाटले, कारण आबांनी त्याचे उत्तर शोधण्यासाठी थेट कोयनेकडे बोट दाखविले आणि अभियंत्यांनाही तेथेच जावयाचे होते. कोयनेचे पाणी बोगद्यातून पश्चिमेस नेऊन कोकणात उतरविता येते, जेव्हा हवे तेव्हा उतरविता येते आणि काही मिनिटांत यंत्रे फिरू लागतात; हा गुण कोळशाच्या संचात नाही आणि सूर्यात तर नाहीच. परंतु वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे किती पाणी वळवावे याला कृष्णा पाणीतंटा लवादाने ६७.५ टीएमसीची सीमा घातली आहे. सीमा असलेली वस्तू जपून, सर्वांत अडचणीच्या घटकेला खर्चावी, हे उघड आहे. म्हणजे दुपारचा भार सूर्याने उचलावा आणि कोयनेने संध्याकाळची वाट पाहावी. घाटघरला २५० मेगावॅटचे केंद्र आहे, तेथे स्वस्त विजेने पाणी वर चढवून ठेवतात आणि महागाईच्या वेळी खाली सोडतात. पूर्वी हे चढविण्याचे काम रात्रीचे होते, ते आता दुपारचे व्हावयास हरकत नाही.

आबा म्हणाले, “आमच्या बाजूचे आणखी एक सांगू? टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजना कृष्णेचे पाणी पंपाने उचलून पूर्वेच्या दुष्काळी तालुक्यांना देतात. त्यांचे वीजबिल थकले की पंप थांबतात आणि आटपाडी-जतची माणसे मोर्चा काढतात. म्हणजे कोयनेतले जे पाणी पश्चिमेला सोडले त्याने वीज झाली, आणि जे पूर्वेला राहिले ते उचलायला वीज लागली. एकाच धरणाचे पाणी एकीकडे विजेचे देणे फेडते आणि दुसरीकडे वाढविते. उपसा दुपारच्या उन्हावर टाकला, तर दोन्ही बाजूंचा ताण एकदम उतरेल. पंपाने उचललेले पाणी कालव्यात, तळ्यात साठते. त्याला संध्याकाळची घाई नसते. विजेचे भांडार करावयाचे तर बॅटऱ्यांचा विचार जरूर करावा, पण पाण्याचे भांडार आपल्याजवळ आधीच आहे.”

या युक्तिवादात मला संपूर्ण प्रकरणाचे मर्म सापडले असे वाटते. गरीब देशाने स्वस्त वीज मागावयाची तर ती अमुक इतके मेगावॅट अशी मागून चालणार नाही. कोणते काम सूर्याच्या वेळेवर सरकविता येते आणि कोणते येत नाही, याचा तालुकावार, तासवार तपशील आधी झाला पाहिजे. पाणी उचलणे, दळणे, बर्फ करणे ही कामे सरकतात. इस्पितळातील शस्त्रक्रिया आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास सरकत नाही. जे सरकते त्याला सूर्याची वीज द्यावी, आणि जे सरकत नाही त्याच्यासाठी साठविलेले पाणी, बॅटरी आणि काही काळ कोळसाही राखून ठेवावा.

बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातील धरनई गावाचा विषय अभियंत्यांनी काढला. २०१४ मध्ये तेथे स्वतंत्र सौर यंत्रणा मोठ्या समारंभाने उभी राहिली. परंतु लोकांना फ्रीज आणि पंप चालेल अशी वीज हवी होती, लवकरच मोठ्या जाळ्याची स्वस्त वीज तेथे पोचली, आणि ती यंत्रणा कालांतराने ओस पडली. आबांनी ते मान्य केले आणि तेवढ्याचसाठी आपण जाळ्याला जोडलेल्या केंद्राचा आग्रह धरतो असे सांगितले. शेतकऱ्याला एकट्याने सौर पंप घेण्याची योजनाही आहे, सर्वसाधारण खातेदाराने किमतीचा दहावा हिस्सा भरावयाचा. डोंगरातील वस्तीला ती उपकारक आहेच, परंतु पंप बंद असेल त्या दिवसांची वीज तेथे वाया जाते, आणि फीडरवरच्या केंद्राची वीज दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडते.

जमिनीचा विषय निघाल्यावर मात्र आबा अडचणीत आले, आणि त्यांनी ते लपविले नाही. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ, हे खडकाळ जमिनीच्या मालकाला चांगलेच आहे. परंतु शासकीय जमीन प्रकल्पाला नाममात्र भाड्याने मिळते, आणि ती जमीन पुष्कळ ठिकाणी गायरान असते. “दप्तरात ती पडीक असते,” अभियंते म्हणाले, “आणि त्याच पडिकावर धनगराची मेंढरे आणि भूमिहीनाच्या दोन शेळ्या जगतात. तारेचे कुंपण पडले की त्या माणसाला ना भाडे, ना पंप, ना वीज. तुम्ही विकेंद्रीकरण म्हणता. त्याच्या दृष्टीने कोयना काय आणि तुमचे पाच मेगावॅट काय? धुळे जिल्ह्यातील विखरणच्या वृद्ध शेतकऱ्याने वीज प्रकल्पाला गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले आणि जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले, तो तर सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस होता. ज्याचे नाव कोठेच नाही त्याचे कोण ऐकणार?”

आबा म्हणाले, “माझ्या गावच्या ग्रामसभेत हा ठराव आला तेव्हा मेंढपाळांपैकी कोणी हजर नव्हते, ते त्या वेळी कोकणात उतरलेले असतात. त्यांच्या परतण्यापर्यंत ठराव तहकूब ठेवायला मी लावला. एवढेच मला करता आले.”

मोफत विजेवर दोघांचे एकमत झाले, याचे मला आश्चर्य वाटले; तसे ते वाटावयास नको होते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज देण्याचा निर्णय सरकारने केला, त्याचा लाभ ४४ लाख शेतकऱ्यांना आहे, आणि कर्जाने पिचलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्याने दिलासा मिळाला हे निर्विवाद आहे. परंतु ज्या अध्यक्षाने पाळीने पाणी वाटले आणि पाणीपट्टी वसूल करून संस्था चालविली, त्याला हे ठाऊक असते की ज्याचे मोल दिले नाही त्याच्या बिघाडाची तक्रारही जोराने करता येत नाही. दिवसा भरपूर वीज, तीही विनामूल्य, आणि विहिरीला कूपनलिकेची जोड, असे झाले की भूजल कोठवर उतरेल याला आकाशातला सूर्य जबाबदार राहणार नाही. हिवरे बाजारने शेतीसाठी कूपनलिका बंद केल्या आणि पडलेल्या पावसाच्या मापाने पिके ठरविली. तेथे गाव आधी पाण्याचा जमाखर्च मांडते आणि मग पंप चालू करते. आबांचे म्हणणे असे की युनिटमागे थोडका का होईना दर असावा, गरिबाला तेवढी रक्कम रोख परत द्यावी, आणि मीटर मात्र प्रत्येक रोहित्रावर असलाच पाहिजे. अभियंते म्हणाले, “मीटर आधी, बाकीचे सारे मागून.”

शेवटपर्यंत जे मिटले नाही ते असे. अभियंत्यांच्या मते इतक्या विखुरलेल्या हजारो केंद्रांची निगा पंचवीस वर्षे कोणी राखील याचा भरवसा नाही, आणि मक्तेदाराने पहिल्या पाच वर्षांत पैसा काढून हात झटकले तर तो बोजा पुन्हा वीज कंपनीवरच पडेल. आबांच्या मते निगा राखण्याचे काम गावातील तरुणांना शिकवून सहकारी संस्थेकडे द्यावे, कारण ज्या प्रदेशाने १९५० मध्ये प्रवरेकाठी साखर कारखाना सहकारातून उभा करून दाखविला त्याला काचेची तबके पुसणे आणि इन्व्हर्टर तपासणे जड जाऊ नये. माझा कौल या एका मुद्द्यावर अभियंत्यांच्या शंकेला आणि आबांच्या उपायाला, दोहोंनाही आहे: शंका खरी आहे म्हणूनच उपाय करारात लिहून घेतला पाहिजे, आणि तो आजवर बहुधा लिहिला जात नाही.

ज्या वाचकांच्या गावी असा प्रकल्प येऊ घातला असेल त्यांना माझी विनंती आहे. ठरावावर हात वर करण्यापूर्वी आपल्या उपकेंद्राची नोंदवही माहितीच्या अधिकारात मागवा आणि वर्षभरात शेती फीडर कोणत्या तासांना किती वेळ बंद होता ते पाहा. गायरानावर कोणाची जनावरे चरतात त्यांची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्या, आणि ती माणसे हजर असतील अशाच दिवशी सभा भरवा. करारातील देखभालीची कलमे मराठीत मागा, आणि केंद्र बंद पडल्यास दंड कोणी कोणाला किती द्यावयाचा ते त्यात लिहिले आहे की नाही याची खात्री करा. लिहिलेले नसेल तर सही होऊ देऊ नका.